पुसलेल्या पानावरचा उत्तर मुकुट

वॉशिंग्टनच्या ‘म्युझियम ऑफ द बायबल’च्या संग्रहात ‘कोडेक्स क्लिमाची रेस्क्रिप्टस’ या हस्तलिखिताच्या १४६ पानांपैकी बहुतेक पाने आहेत. मूळची ती इजिप्तमधल्या सिनाईच्या सेंट कॅथरीन मठातली. डोळ्यांना दिसतो तो मजकूर सिरियाक भाषेतला, ख्रिस्ती संन्याशांसाठी केलेला उपदेश, साधारण हजार वर्षांपूर्वीचा. त्याच्याखाली त्याहून कित्येक शतके जुने लेखन आहे, पुसलेले. हे काही गुपित नव्हते. ॲग्नेस स्मिथ लुईस या विदुषीने यातली बहुतेक पाने मिळवून अभ्यासली आणि १९०९ साली त्यांची आवृत्तीही काढली. तरी त्यातल्या नऊ पानांवर खगोलशास्त्र आहे हे कळायला पुढे शंभरावर वर्षे गेली. हिपार्कस या ग्रीक ज्योतिर्विदाच्या हरवलेल्या तारासूचीचा तुकडा त्यांतच होता.

चर्मपत्र म्हणजे चुन्याच्या पाण्यात मुरवून, केस काढून, चौकटीवर ताणून वाळवलेले जनावराचे कातडे. एका जाड ग्रंथाला मेंढ्यांचा अख्खा कळप लागे. म्हणून नको असलेला ग्रंथ फेकला जात नसे. पाने सुटी करायची, शाई धुवायची किंवा खरवडायची आणि त्यावर नवे लिहायचे. जुने पान पुष्कळदा आडवे फिरवून मधोमध दुमडत, त्यामुळे खालच्या ओळी वरच्या ओळींना काटकोनात येतात. जुन्या संग्रहात असे पान ओळखायची पहिली खूण हीच: समासात किंवा दोन ओळींमध्ये, भलत्याच दिशेने जाणारे फिकट तपकिरी फराटे.

ते पुरते का पुसले जात नाहीत, याचे उत्तर शाईत आहे. ही शाई मायफळाची. बाळगुटीत उगाळतात तेच मायफळ: ओकच्या झाडावर एका कीटकामुळे येणारी गाठ. त्यातल्या टॅनिन या तुरट द्रव्यात हिराकस, म्हणजे लोहाचे सल्फेट, आणि चिकटपणासाठी डिंक घालत. ही शाई लिहिताना फिकी असते; हवेतला ऑक्सिजन लागला की लोहाचे संयुग बदलून ती काळी होते. तोवर ती कातड्याच्या तंतूंमध्ये शिरलेली असते. वरचा काळा थर खरवडता येतो, पण तंतूंत मुरलेले लोह आणि टॅनिनचे अंश राहतात. आपल्याकडच्या पोथ्यांची काजळीची शाई याच्या उलट. काजळी म्हणजे कार्बन. तो पृष्ठभागावर बसतो, आत मुरत नाही. म्हणून काजळीच्या पुसलेल्या लेखनावर पुढची युक्ती फारशी चालत नाही. मात्र पाण्याच्या डागाखाली किंवा मळाखाली दडलेली काजळीची अक्षरे अवरक्त प्रकाशात झकास उठतात, कारण डाग त्या प्रकाशात विरतो आणि कार्बन काळाच राहतो.

आता युक्ती. ३६५ नॅनोमीटरच्या आसपासचा अतिनील प्रकाश टाकला की चर्मपत्र स्वतःच निळसर चमकते. जिथे जुन्या शाईचा अंश मुरलेला आहे तिथे ही चमक दबते. साध्या उजेडात न दिसणारे अक्षर त्यामुळे चमकत्या पानावर गडद दिसते. पण वरचा नवा मजकूरही गडदच असतो, आणि खरी अडचण तिथेच सुरू होते. एकावर एक बसलेली दोन लेखने वेगळी करायला एक प्रकाश पुरत नाही. म्हणून बहुवर्णी छायाचित्रण करतात. अंधाऱ्या खोलीत, हलणार नाही अशा स्टँडवर फक्त कृष्णधवल टिपणारा कॅमेरा लावायचा. अरुंद पट्ट्याचे एलईडी एकामागून एक पेटवायचे: अतिनील, निळा, हिरवा, लाल, शेवटी अवरक्त. शिवाय तिरका प्रकाश आणि पानामागून येणारा प्रकाश. २०१७ साली कॅलिफोर्नियातल्या ‘अर्ली मॅन्युस्क्रिप्ट्स इलेक्ट्रॉनिक लायब्ररी’ने आणि रॉचेस्टर विद्यापीठाने या पानांची अशी प्रत्येकी ४२ छायाचित्रे घेतली.

सगळी छायाचित्रे एकमेकांवर बिंदूला बिंदू लावून बसवली की गणित सुरू होते. एक सोपी रीत अशी (रंगीत चित्र लाल, हिरवी आणि निळी अशा तीन वाहिन्या, म्हणजे तीन एकरंगी थर, मिळून बनते): लाल प्रकाशातले चित्र अंतिम चित्राच्या लाल वाहिनीत घालायचे, अतिनीलमधले हिरव्या आणि निळ्या वाहिनीत. तपकिरी जुनी शाई लाल प्रकाशात जवळजवळ नाहीशी होते, अतिनीलमध्ये मात्र गडद असते. म्हणून ती अंतिम चित्रात लालसर येते. वरची शाई दोन्हींत गडद, म्हणून ती काळीच राहते. एवढ्यावर भागले नाही तर सांख्यिकीची मदत घेतात. प्रत्येक बिंदूचे ४२ आकडे घेऊन, त्यांच्या कोणत्या मिश्रणात दोन शायांमधला फरक सर्वांत ठळक होतो ते संगणक शोधतो.

बिघडते कुठे? सर्वांत आधी पान हलते. चर्मपत्र ओलाव्याला फार हळवे असते. दिव्याच्या उबेने किंवा खोलीतली दमटता बदलल्याने ते दोन चित्रांच्या मधल्या वेळातही वळते. एक-दोन बिंदूंचा सरकाव झाला तरी प्रत्येक अक्षराला खोटी कड येते, आणि ती कड नवे अक्षर म्हणून वाचली जाण्याचा धोका असतो. दुसरे, साधे भिंग वेगवेगळ्या तरंगलांबींना वेगवेगळ्या अंतरावर केंद्रित करते, म्हणून अतिनील आणि अवरक्त चित्रे धूसर येतात. त्यासाठी खास भिंग लागते. तिसरे, पानाच्या मागच्या बाजूची शाई आरपार दिसते. दोन्ही बाजूंची चित्रे घेतली नसतील तर ती ओळखणे कठीण. आणि अतिनील प्रकाश कातड्याला घातक, त्यामुळे हवे तितक्या वेळा प्रयोग करण्याची मुभा नसते.

एवढे करूनही यंत्राकडून हाती येते ते फक्त वाचता येण्याजोगे चित्र. ते वाचायला माणूसच लागतो, आणि या शोधाचे श्रेय मला निम्म्याहून जास्त वाचनाला द्यावेसे वाटते. केंब्रिजचे बायबल-अभ्यासक पीटर विल्यम्स यांनी २०१२ साली ही पाने विद्यार्थ्यांना उन्हाळी प्रकल्प म्हणून दिली होती. तेव्हा एका विद्यार्थ्याला खालच्या थरात ताऱ्यांविषयीचा ग्रीक मजकूर दिसला. नवी चित्रे आल्यावर २०२१ च्या टाळेबंदीत विल्यम्स ती पुन्हा चाळत असताना त्यांना काही आकडे खटकले आणि त्यांनी पॅरिसचे विज्ञान-इतिहासकार व्हिक्टर गिझेंबर्ग यांना गाठले. ग्रीकमध्ये अंक अक्षरांनीच लिहितात. एक रेघ निसटली तर अंकच बदलतो. वाचन लागले ते असे: उत्तर मुकुट या तारकासमूहाची लांबी सव्वानऊ अंश, रुंदी पावणेसात अंश, त्याची उत्तर सीमा ध्रुवापासून ४९ अंशांवर, दक्षिण सीमा पावणेछप्पन्न अंशांवर. कडेचे तारे कोणते, तेही दिलेले.

हे आकडे हिपार्कसचेच कशावरून? पृथ्वीचा अक्ष भोवऱ्यासारखा डुलतो, त्यामुळे संपातबिंदू, म्हणजे सूर्य आकाशातले विषुववृत्त ओलांडतो ती जागा, दर ७२ वर्षांनी सुमारे एक अंश मागे सरकतो. पंचांग वापरणाऱ्यांना हे अयनांशामुळे परिचित आहे. याच तत्त्वावर लोकमान्य टिळकांनी वेदकाळाचा हिशेब मांडला होता. त्यांच्या निष्कर्षावर वाद आहे, तत्त्वावर नाही. दक्षिण टोकाचा तारा, उत्तर मुकुटातला डेल्टा, आज खगोलीय ध्रुवापासून सुमारे ६४ अंशांवर आहे. हस्तलिखितात पावणेछप्पन्न. फरक सव्वाआठ अंशांच्या आसपास. आकाशाच्या त्या भागात तारा ध्रुवापासून वर्षाला सरासरी १४ विकला दूर जातो. एका अंशात ३,६०० विकला. भागाकार केला की २,१०० वर्षांच्या जवळपास उत्तर येते. पण मोजणी पाव अंशाने चुकली असेल तर काळ ६०-६५ वर्षांनी हलतो, म्हणून एका ताऱ्यावर विसंबता येत नाही. सर्व आकडे एकत्र धरले तर त्यांचा मेळ इ.स.पू. १२९ च्या सुमाराच्या आकाशाशी बसतो, आणि हिपार्कस त्याच काळात वेध घेत होता. ऑक्टोबर २०२२ मध्ये हा शोधनिबंध प्रसिद्ध झाला.

यात टॉलेमी या हिपार्कसनंतरच्या ज्योतिर्विदाचाही प्रश्न गुंतलेला आहे. त्याच्या हजारावर ताऱ्यांच्या सूचीतले भोग, म्हणजे सूर्याच्या वार्षिक मार्गावर संपातबिंदूपासून मोजलेली अंतरे, सरासरी एक अंशाने कमी येतात. हिपार्कसनंतर २६५ वर्षे लोटली असे धरून, शंभर वर्षांना एक अंश या चुकीच्या गतीने २ अंश ४० कला (एका अंशात ६० कला) मिळवल्या, तर नेमकी एवढीच तूट पडते. खरा सरकाव ३ अंश ४० कलांच्या आसपास हवा. म्हणून त्याने हिपार्कसची सूची उचलली असा संशय जुना आहे. नव्या पानावरचे अंक एक अंशाच्या आत अचूक आहेत, ध्रुव आणि विषुववृत्ताच्या संदर्भाने दिलेले आहेत आणि टॉलेमीशी सरळ जुळत नाहीत. निव्वळ नकलेचा आरोप त्यामुळे कमजोर होतो. एका तारकासमूहावरून निकाल देणे मात्र घाईचे ठरेल.

प्रकाशाने काम भागले नाही तर क्ष-किरण उरतात. आर्किमिडीजच्या पुसलेल्या हस्तलिखितात काही पानांवर विसाव्या शतकात कोणीतरी सोनेरी चित्रे रंगवून ती जुनी असल्याचे भासवले होते. रंगाखालचे काही दिसेना. तेव्हा स्टॅनफर्डच्या सिंक्रोट्रॉनचा, म्हणजे अतिप्रखर क्ष-किरण देणाऱ्या यंत्राचा, केसासारखा बारीक किरण पानावर बिंदू-बिंदूने फिरवून लोहातून परतणारे क्ष-किरण मोजले, आणि मायफळाच्या शाईतल्या लोहाने अक्षरे दाखवली. एका पानाला पुष्कळ तास लागतात, त्यामुळे ही रीत अगदी अडलेल्या पानांसाठीच राखून ठेवतात.

उत्तर मुकुट मात्र कोणालाही पाहता येतो. महाराष्ट्रातून मे महिन्यात रात्री नऊच्या सुमारास पूर्व-ईशान्येला, क्षितिज आणि डोक्यावरच्या बिंदूच्या साधारण मध्यावर, स्वातीच्या खालच्या अंगाला ताऱ्यांचे अर्धवर्तुळ दिसते. त्यातल्या सर्वांत तेजस्वी ताऱ्याला एक धरून पूर्वेकडे मोजत जा. तिसरा तो डेल्टा. तो मंद आहे, म्हणून शहराच्या दिव्यांपासून दूर जावे लागेल.