गॅडोलिनियम आणि लोहाचे नॅनोकण: गाठीत नक्की जातं काय?

"चुंबकीय नॅनोकण कॅन्सरच्या गाठीला जाऊन चिकटतात आणि एमआरआयमध्ये गाठ चमकते." हे वाक्य व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतं, विज्ञान प्रदर्शनांतल्या पोस्टरवर असतं. कोल्हापूरच्या राजारामपुरीतल्या एका व्याख्यानात तर ते लाल-पिवळ्या झगमगाटासकट पडद्यावर दाखवलं गेलं. इथल्या शिवाजी विद्यापीठात फेराइटच्या (लोहाच्या चुंबकीय संयुगाच्या) नॅनोकणांवर वर्षानुवर्षं काम चाललंय, त्या गावात तरी हा घोळ थांबायला हवा.

गॅडोलिनियम म्हणजे एमआरआयच्या नेहमीच्या कॉन्ट्रास्ट इंजेक्शनातला धातू; त्याचं फार सांगत बसत नाही. घरात कुणाचा कॉन्ट्रास्ट एमआरआय झाला असेल तर क्रम पाठ असतो: क्रिएटिनिनचा (मूत्रपिंडाच्या तपासणीचा) रिपोर्ट आणा, हाताला सुई, निम्मा स्कॅन झाल्यावर इंजेक्शन, मग पुन्हा आत. 1988 पासून हे औषध वापरात आहे. रेणू लहान. गाठीच्या गळक्या रक्तवाहिन्यांतून तो बाहेर झिरपतो, पेशींच्या आत शिरत नाही, भोवतालच्या पाण्याकडून एमआरआयला मिळणाऱ्या संदेशात बदल करतो आणि तेवढा भाग पांढरा दिसतो. दीडेक तासात रक्तातलं निम्मं औषध लघवीवाटे निघून जातं. इथे "गाठ उजळली" म्हणणं बरोबर आहे.

लोहाच्या कणांचं गणित वेगळं. आत आयर्न ऑक्साइडचा काही नॅनोमीटरचा गाभा, वर डेक्स्ट्रानसारख्या शर्करेचं वेष्टण. शिरोलीच्या फाउंड्रीत काम करणाऱ्याला ठाऊक असतं की लोखंडात चुंबकत्व थोडं मागे राहतं. हा गाभा इतका बारीक असतो की बाहेरचं क्षेत्र काढलं की काहीच मागे उरत नाही, म्हणून रक्तात हे कण एकमेकांना ओढून गुठळ्या करत नाहीत. पण मूत्रपिंडातून गळून जाण्याइतके ते लहानही नसतात.

मग ते जातात कुठे? सगळी गफलत इथेच होते.

रक्तात आलेला असा परका कण शरीरातल्या भक्षक पेशी गिळतात. यकृतात त्यांना कुप्फर पेशी म्हणतात; प्लीहा, अस्थिमज्जा आणि लसिका ग्रंथींतही त्यांचे भाऊबंद असतात. म्हणजे कण भरतात ते निरोगी यकृतात. दुसऱ्या अवयवातून पसरून आलेल्या कॅन्सरच्या गाठीत कुप्फर पेशी नसतात, त्यामुळे तिथे कण साठत नाहीत. टी-टू प्रकारच्या (एमआरआयची चित्र घेण्याची एक पद्धत) चित्रात लोह असेल तिथला संदेश बुडतो. सगळं यकृत काळं पडतं आणि गाठ होती तशीच फिकट राहते. रात्री अख्ख्या गल्लीची लाईट गेली की इन्व्हर्टरवाल्याचं घर लांबून दिसतं. त्या घरात जास्तीचं काहीच लागलेलं नसतं.

लसिका ग्रंथींचंही हेच. प्रोस्टेट कॅन्सरच्या रुग्णांवरचा 2003 सालचा गाजलेला अभ्यास याच तत्त्वावर उभा होता: इंजेक्शननंतर दुसऱ्या दिवशी स्कॅन केला की निरोगी ग्रंथी काळी झालेली असते आणि कॅन्सरने व्यापलेला भाग पांढरा राहतो. आकाराने साध्या दिसणाऱ्या ग्रंथीतही रोग पकडता येतो, यातच याची खरी किंमत आहे. "गाठीला चिकटतात" असं धरून हे चित्र वाचलं, तर काळी निरोगी ग्रंथी रोगी ठरेल आणि रोगी ग्रंथी सुटेल. म्हणून मला या वाक्याचा इतका राग येतो.

कणांवर अँटिबॉडी बसवून थेट कर्करोगाच्या पेशींना धरायचे प्रयोग आहेत, आणि ते मोलाचे आहेत. पण त्यातले बहुतेक अजून प्रयोगशाळेत आणि उंदरांत चालू आहेत. त्यांचं चित्र दाखवून रुग्णाला आशा लावू नये.

"गॅडोलिनियम पांढरं, लोह काळं" हे सूत्रही पाठ करू नका. मूत्राशयाच्या तळाशी गॅडोलिनियम दाट साठलं की तो थर काळा दिसतो, त्याच्यावरचा पातळ थर पांढरा. फेरुमॉक्सिटॉल हे लोहाचं औषध रक्तात असताना योग्य पद्धतीने फोटो घेतला तर रक्तवाहिन्या पांढऱ्याशुभ्र दिसतात. रंगाआधी एकच विचारा: औषध घेतलं कुणी? गॅडोलिनियमच्याच गटातलं गॅडोक्सेटेट निरोगी यकृतपेशी आत घेतात. त्यात यकृत पांढरं होतं आणि पसरून आलेली गाठ काळी राहते.

आणि एमआरआयचं चुंबक कणांना गाठीकडे ओढतं, हे तर सोडूनच द्या. ओढायला क्षेत्र एका बाजूला वाढत जावं लागतं. रुग्ण झोपतो तिथे ते मुद्दाम एकसारखं ठेवलेलं असतं.

यकृताच्या एमआरआयसाठीचं लोहकणांचं औषध फेरुमॉक्साइड्स अमेरिकेत 1996 साली मान्य झालं, पुढे बाजारातून गेलं. फेरुमॉक्सिटॉलला तिथे 2009 साली मान्यता मिळाली ती मूत्रपिंडाच्या रुग्णांच्या रक्तक्षयासाठी. 2015 साली त्यावर गंभीर अ‍ॅलर्जीचा ठळक इशारा आला. आपल्याकडे सर्रास चढवलं जाणारं आयर्न सुक्रोज म्हणजे हे औषध नव्हे. परदेशात राहणाऱ्या नातेवाइकाला फेरुमॉक्सिटॉल दिलं असेल, तर पुढचे तीन महिने एमआरआयच्या आधी तसं सांगायला लावा. त्याचा परिणाम तोवर चित्रात दिसू शकतो.