विशीतला रक्तदाब, साठीतलं हृदय

हृदयविकार पन्नाशीनंतर होतो, या समजुतीला १९५३ साली मोठा धक्का बसला. कोरियाच्या युद्धात मारल्या गेलेल्या ३०० अमेरिकी सैनिकांच्या हृदयांची तपासणी त्या वर्षी प्रसिद्ध झाली. त्यांचं सरासरी वय होतं अवघं २२. तरीही सुमारे ७७ टक्के जणांच्या हृदयाच्या रक्तवाहिन्यांत आजाराच्या खुणा सापडल्या. काहींत चरबीचा पुसट थर होता, काहींची वाहिनी बरीचशी बुजलेली होती. आजाराची सुरुवात कॉलेजच्या वयातच होते हे यातून दिसलं. पण हिंडत्या-फिरत्या, धडधाकट मुलात ती ओळखायची कशी?

त्याचं उत्तर विद्यापीठांच्या जुन्या दप्तरात पडून होतं. रशियन डॉक्टर निकोलाय कोरोत्कॉव्ह यांनी १९०५ मध्ये दंडाला पट्टा बांधून, स्टेथोस्कोपने आवाज ऐकत रक्तदाब मोजायची पद्धत दाखवली. पुढच्या दशकात हार्वर्डसारख्या विद्यापीठांत नव्या विद्यार्थ्यांची उंची, वजन आणि रक्तदाब नोंदला जाऊ लागला. मुलगा पास होऊन बाहेर पडला की त्या कागदाकडे कुणी बघत नसे. अमेरिकी साथरोगतज्ज्ञ राल्फ पॅफेनबर्गर यांनी तो बघितला. हार्वर्ड आणि पेनसिल्व्हेनिया विद्यापीठांच्या माजी विद्यार्थ्यांपैकी कोण हृदयविकाराने गेलं, हे त्यांनी विद्यार्थिदशेतल्या नोंदींशी ताडून पाहिलं. १९६६ मध्ये निष्कर्ष आले: ज्यांचा वरचा रक्तदाब तेव्हाच १३० किंवा त्याहून जास्त होता, वजन उंचीच्या मानाने जास्त होतं, सिगारेटचं व्यसन होतं, खेळात भाग नव्हता आणि आई किंवा वडील लवकर वारले होते, त्यांच्यात असे मृत्यू अधिक होते. १३० हा आकडा पाहून त्या काळी कुणी डॉक्टर बोलावला नसता.

पॅफेनबर्गर यांचं १९७८ चं काम मला त्याहून मोलाचं वाटतं. कॉलेजच्या संघातून खेळलेली, पण पुढे बसून राहिलेली माणसं जुन्या खेळाच्या पुण्याईवर वाचली नाहीत. कॉलेजात मैदानावर न उतरलेला, पण नंतर नेमाने चालणारा, जिने चढणारा माणूस त्यांच्यापेक्षा सुरक्षित होता.

त्याआधीपासून आणखी दोन ठिकाणी अशा नोंदी जमत होत्या. अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात डॉ. कॅरोलाइन बेडेल थॉमस यांनी १९४० च्या दशकाच्या अखेरीपासून वैद्यकीच्या विद्यार्थ्यांचा अभ्यास सुरू केला. १९४८ ते १९६४ या वर्षांत पदवी घेणाऱ्या तुकड्यांतले तेराशेहून अधिक विद्यार्थी त्यात होते. विशीच्या आरंभी ज्यांचं कोलेस्टेरॉल जास्त होतं, त्यांना मध्यमवयात हृदयविकार जास्त झाला, हे १९९३ मध्ये सिद्ध झालं. स्कॉटलंडमध्ये ग्लासगो विद्यापीठाच्या आरोग्यकेंद्रात १९४८ ते १९६८ दरम्यान तपासलेल्या विद्यार्थ्यांबाबतही तेच: तेव्हाचा रक्तदाब जितका वरचा, तितका पुढे हृदयविकाराने मृत्यूचा धोका जास्त. २०११ मध्ये हार्वर्डच्या सुमारे १९ हजार माजी विद्यार्थ्यांचा हिशेब पुन्हा मांडला गेला. मध्यमवयातला उच्च रक्तदाब जमेस धरूनही अठराव्या वर्षीच्या रक्तदाबाचा स्वतंत्र ठसा उरतोच, असं त्यात आढळलं.

हे बहुतेक सगळे गोरे, सुखवस्तू पुरुष होते, आणि हा मोठा उणेपणा आहे. मुलींविषयी या अभ्यासांतून फार थोडं कळतं. आपल्या मुलांना त्यातली वजनाची मोजपट्टी जशीच्या तशी लावणं तर धोक्याचंच.

असं का, ते पुण्यात कळलं. केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांतल्या गरोदर बायकांचा आणि त्यांच्या बाळांचा अभ्यास केला. बाळं जन्मतः लहानखुरी, सरासरी २.७ किलोच्या आसपास. इंग्लंडच्या बाळांपेक्षा स्नायू कमी, पण चरबी जवळपास टिकून. २००४ मध्ये याज्ञिक आणि लंडनचे जॉन युडकिन या दोघांचा फोटो ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आला. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन दाखवणारा आकडा, २२.३. युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के, याज्ञिकांच्या शरीरात २१.२. त्याच वर्षी जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञांनी आशियाई लोकांसाठी २३ पासूनच सावध व्हावं असं सुचवलं. भारतीय तज्ज्ञांनी २००९ मध्ये २३ ला जास्त वजन, २५ ला स्थूलपणा म्हटलं आणि कमरेची मर्यादा पुरुषांना ९० सेंमी, बायकांना ८० सेंमी ठरवली. दक्षिण आशियातल्या लोकांना पहिला झटका इतरांपेक्षा पाच-सहा वर्षं लवकर येतो, हे तोवर पुढे आलंच होतं.

‘आमचा पोरगा काडीसारखा आहे, त्याला कसला बीपी?’ असं घरोघरी ऐकू येतं तेव्हा म्हणूनच काळजी वाटते. हातपाय बारीक आणि पोट सुटलेलं, रात्रीचं जागरण, मेसमधल्या जेवणावर वडापाव नि फरसाणाची भर, वडिलांना पन्नाशीच्या आत अँजिओप्लास्टी. अशा मुलाचं वजन काट्यावर अगदी ‘नॉर्मल’ भरू शकतं. प्रवेशाच्या वैद्यकीय प्रमाणपत्रावर सही-शिक्का घेऊन ते फाइलला लावण्यापेक्षा कमरेला टेप लावावी आणि रक्तदाब नीट मोजावा. नीट म्हणजे पाच मिनिटं शांत बसवून, हात हृदयाच्या पातळीवर टेकवून, दोन-तीनदा. पहिला आकडा घाबरल्यामुळेही चढतो, तेव्हा एकाच मोजणीवर मुलाला रोगी ठरवू नये. वेगवेगळ्या दिवशी मोजूनही वरचा आकडा १३० च्या पुढेच राहिला, तर मात्र डॉक्टरांना दाखवावं, आणि घरात कुणाला कोणत्या वयात हृदयविकार झाला तेही सांगावं.