शांतिसेना मोहिमांतील पर्यावरण-व्यवस्थापन

संयुक्त राष्ट्रसंघाची शांतिसेना ज्या देशात उतरते, तेथील पाणी, जमीन, हवा व झाडोरा यांना तिच्या तळांमुळे व हालचालींमुळे पोहोचणारी हानी टाळण्यासाठी वा कमी करण्यासाठी केलेली व्यवस्था. मैलापाण्याची विल्हेवाट, पाण्याचा उपसा, कचरा, डिझेल व वीज, तळ उभारण्यापूर्वी जागेची पाहणी आणि तळ सोडताना जमीन नीट करून परत देणे, ही तिची मुख्य अंगे होत. युद्धाने झालेली पर्यावरणहानी आणि खाणी, जंगले वा पाण्यावरून पेटलेले संघर्ष हे लगतचे पण वेगळे विषय आहेत.

उगम : या व्यवस्थेचा आरंभ नेमका कधी धरावा याविषयी एकमत नाही. संयुक्त राष्ट्रसंघाची पहिली निरीक्षक मोहीम १९४८ ची. सनदेत मात्र ‘शांतिरक्षण’ असा शब्दच नाही, मग त्यातील पर्यावरणाचा उल्लेख कोठून असणार? एका मतानुसार आरंभ जून २००९ मध्ये धरावा, कारण क्षेत्रीय मोहिमांसाठीचे पहिले पर्यावरण-धोरण तेव्हा लागू झाले. दुसरे मत तो २००७ पर्यंत मागे नेते; त्या वर्षी महासचिव बान की-मून यांनी संघटनेच्या स्वतःच्या कार्बन उत्सर्जनाचा प्रश्न पुढे आणला आणि हिशेब मांडताना निम्म्याहून अधिक भार शांतिसेना मोहिमांचा असल्याचे दिसले. तिसरे मत लष्करी छावणीच्या आरोग्यव्यवस्थेकडे बोट दाखवते. १८५७ नंतर हिंदुस्थानातील फौजेच्या आरोग्यस्थितीची चौकशी करण्यासाठी १८५९ मध्ये शाही आयोग नेमला गेला. त्याचा अहवाल १८६३ मध्ये आला आणि फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनी त्यासाठी मोठे परिश्रम घेतले. लढाईपेक्षा पटकी (कॉलरा), हगवण व ताप यांनीच शिपाई अधिक मरतात, हे त्यातून ठसठशीतपणे पुढे आले. १८६४ चा छावणी कायदा त्यानंतरचा. पिण्याच्या पाण्याची जागा, शौचकूपांची जागा आणि त्यांतील अंतर ही छावणीची शिस्त त्या काळापासून पक्की होत गेली.

प्रस्तुत नोंदकाराला तिसरे मत अधिक ग्राह्य वाटते, मात्र एका दुरुस्तीसह. छावणीची जुनी शिस्त शिपायाला बाहेरच्या घाणीपासून वाचवण्यासाठी होती. छावणीच्या घाणीपासून गावाला वाचवणे हा तिचा हेतू नव्हता. नागपूरजवळच्या कामठीची छावणी १८२१ च्या सुमारास कन्हानच्या काठी वसली. अशा छावण्यांच्या आखणीत नदीचा वरचा अंग कोणाचा आणि खालचा कोणाचा हा प्रश्न लष्कराच्या सोयीने सुटत असे. शांतिसेनेच्या पर्यावरण-व्यवस्थापनाने ही दिशा उलटी केली. ही उलटापालट धोरणाच्या कागदाने घडली नाही. ती हैतीतील एका ओढ्याने घडवली.

हैतीतील पटकी व तिच्या उगमाचा वाद : १२ जानेवारी २०१० रोजी हैतीत भीषण भूकंप झाला. ऑक्टोबरमध्ये तेथे पटकीची साथ सुरू झाली. त्यापूर्वी शतकभर तरी त्या देशात पटकीची नोंद नव्हती. पहिले रुग्ण मिरबाले गावाच्या परिसरातले. तेथे मेये ओढ्याकाठी शांतिसेनेचा तळ होता आणि त्याच महिन्यात नेपाळहून नवी तुकडी येऊन दाखल झाली होती. हा ओढा पुढे आर्तिबोनित या देशातील सर्वांत मोठ्या नदीला मिळतो. त्या नदीच्या पाण्यावर भातशेती होते आणि तेच पाणी लोक पितात. साथ नदीच्या अंगाने झपाट्याने खाली उतरली. एकूण आठ लाखांहून अधिक लोक आजारी पडले आणि सुमारे दहा हजार दगावले.

साथीच्या उगमाविषयी दोन पक्ष पडले. पर्यावरणीय पक्षाचे म्हणणे असे, की पटकीचे जंतू किनारी व खाडीच्या पाण्यात एरवीही असतात. भूकंपाने विस्कटलेल्या पाणीव्यवस्थेत आणि त्या वर्षीच्या उष्ण हवेत ते फोफावले असावेत. दुसऱ्या पक्षाचे म्हणणे, जंतू बाहेरून माणसाबरोबर आला. फ्रेंच साथरोगतज्ज्ञ रनो पियारू यांनी गावोगावच्या रुग्णांचा कालक्रम लावून तळाकडे निर्देश केला. जनुकीय तपासणीत जंतूची जात दक्षिण आशियाई निघाली आणि २०११ मध्ये नेपाळमधील नमुन्यांशी ती अगदी जवळून जुळली. महासचिवांनी नेमलेल्या चार तज्ज्ञांच्या समितीने मे २०११ मध्ये अहवाल दिला. तीत भारतीय सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ जी. बालक्रिश नायर हेही होते. तळावरील नळजोडण्या अव्यवस्थित असल्याचे, मैलापाणी ओढ्यात झिरपण्याची शक्यता असल्याचे आणि कंत्राटदार टाकीतला मैला टेकडीवरच्या उघड्या खड्ड्यात ओतत असल्याचे समितीने नोंदवले. तो खड्डा मोठ्या पावसात भरून वाहण्याजोगा होता. निष्कर्षात मात्र तिने दोष एका व्यक्तीचा वा गटाचा नसून अनेक परिस्थितींच्या संयोगाचा असल्याचे म्हटले. पुढे २०१३ मध्ये याच तज्ज्ञांनी नवा पुरावा विचारात घेऊन शांतिसेनेचे मनुष्यबळ हाच सर्वाधिक संभाव्य स्रोत असल्याचे लिहिले. आज बहुतेक अभ्यासक हेच मत मानतात. पर्यावरणीय पक्ष सर्वस्वी निराधार नव्हता, पण नदीच्या अंगाने उतरलेल्या साथीचा कालक्रम त्याला समजावून देता आला नाही.

पीडितांची भरपाईची मागणी संघटनेने फेब्रुवारी २०१३ मध्ये संघटनेला न्यायालयीन संरक्षण देणाऱ्या १९४६ च्या विशेषाधिकार करारातील कलम २९ चा आधार घेऊन अस्वीकार्य ठरवली. अमेरिकी अपील न्यायालयानेही ऑगस्ट २०१६ मध्ये संघटनेचे न्यायालयीन संरक्षण कायम ठेवले. १ डिसेंबर २०१६ रोजी बान की-मून यांनी हैतीच्या जनतेची माफी मागितली आणि साथीबाबत आपण पुरेसे काही केले नाही असे कबूल केले. मदतीसाठी ४० कोटी डॉलरचा निधी जाहीर झाला. जमा झालेली रक्कम त्या मानाने फार तुटपुंजी राहिली. दहा हजार मृत्यूंसमोर कायद्याने दिलेले हे उत्तर अपुरे होते, एवढे नोंदवणे भाग आहे. २००९ चे धोरण साथीच्या वर्षभर आधी लागू झालेले होते, आणि तरीही एका टाकीचा मैला कोठे जातो हे कोणी पाहिले नव्हते.

मैलापाणी व काळी जमीन : व्यवस्थापनातील सर्वांत अवघड भाग हाच. लहान तळावर सेप्टिक टँक आणि शोषखड्डा, मोठ्या तळावर कंटेनरमध्ये बसवलेला प्रक्रियासंच अशी सर्वसाधारण रचना असते. शोषखड्डा मातीच्या पाणी मुरवण्याच्या गुणावर अवलंबून असल्याने माती बदलली की तो फसतो.

दक्षिण सुदानमधील मलाकाल, बेंतिऊ या भागांतली जमीन काळी, चिकण, कापसाच्या जमिनीच्या जातीची आहे. विदर्भातील वाचकाला तिचे वर्णन करून सांगायला नको. तिच्यातील माँटमोरिलोनाइट नावाचे चिकणखनिज पाणी शोषून फुगते, सूक्ष्म छिद्रे बुजतात आणि पावसाळ्यात शोषखड्डा वरून वाहू लागतो. उन्हाळ्यात तीच जमीन हातभर भेगाळते. मग मैलापाणी गाळले न जाता भेगांतून थेट खाली उतरते. जमिनीच्या या फुगण्या-आटण्याने टाक्यांना तडे जातात आणि नळांचे सांधे उखडतात. म्हणजे तोच खड्डा पावसाळ्यात एका कारणाने आणि उन्हाळ्यात नेमक्या उलट कारणाने निकामी होतो. नागपूरच्या पश्चिमेकडील वस्त्यांत घर बांधताना काळी माती काढून मुरूम भरतात, तसेच तेथेही करावे लागते. पूर्व आफ्रिकेत अशा भरावाला ‘मरम’ म्हणतात. हा शब्द इंग्रजी अमदानीत हिंदुस्थानातून, कदाचित मराठीतूनच, तिकडे गेला असावा. वस्तू मात्र एकच नाही : आपला मुरूम बहुधा झिजलेल्या काळ्या पाषाणाचा, तिकडचा जांभ्याच्या जातीचा. मुरमासाठी खणलेल्या खड्ड्यांत पाणी साचून डास होतात, हा त्यातला उपद्रव.

डिसेंबर २०१३ मध्ये दक्षिण सुदानात यादवी पेटल्यावर जीव वाचवण्यासाठी पळालेल्या लोकांना शांतिसेनेने आपल्या तळांची दारे उघडली. काही हजारांसाठी आखलेल्या या आवारांलगत पुढे दोन लाखांहून अधिक लोक राहू लागले. त्यांतले एक लाखाच्या वर एकट्या बेंतिऊत. २०१४ च्या पावसाळ्यात तेथे लोक गुडघाभर मैलमिश्रित पाण्यात उभे होते. दारे उघडण्याचा निर्णय योग्यच होता. पण पाण्याच्या कोणत्याही हिशेबात तो बसणारा नव्हता, आणि पर्यावरण-व्यवस्थापनाची कसोटी अशाच वेळी लागते.

धोरण व यंत्रणा : सुरक्षा परिषदेने मोहिमेच्या ठरावातच पर्यावरणाचा स्पष्ट उल्लेख केला तो मालीसाठीच्या एप्रिल २०१३ मधील ठराव २१०० मध्ये. आपल्या कामाच्या पर्यावरणीय परिणामांचा विचार करावा आणि सांस्कृतिक व ऐतिहासिक स्थळांजवळ जपून वावरावे, असे त्यात आहे. मालीतील तिंबक्तू या ऐतिहासिक शहरामुळे हा दुसरा भाग आला असणार. २०१६ च्या अखेरीस ऊर्जा, पाणी व सांडपाणी, घनकचरा, व्यापक परिणाम आणि व्यवस्थापन-प्रणाली अशा पाच अंगांची रणनीती तयार झाली. तिची पहिली फेरी जून २०२० पर्यंत आणि दुसरी २०२३ पर्यंत चालली. प्रत्येक तळाच्या सांडपाण्याची जोखीम मोजून श्रेणी लावणे हा तिचा सर्वांत उपयुक्त भाग म्हणावा लागेल. तांत्रिक साहाय्य संयुक्त राष्ट्र पर्यावरण कार्यक्रमाकडून मिळते.

अडचण रचनेतच आहे. तुकडी एका देशाची, हुकूम मोहिमेचा, जमीन तिसऱ्याची. तुकड्या आपली यंत्रसामग्री घेऊन येतात आणि तिचे भाडे त्यांच्या सरकारांना मिळते. जनरेटरचे डिझेल मात्र संघटना पुरवते. इंधन वाचवले तरी तुकडीला त्यातून काही लाभ नाही. तुकड्या बहुधा वर्षभरात बदलतात, त्यामुळे मैलाटाकीचा उपसा कधी झाला ही साधी माहितीही पुढच्याकडे नीट पोहोचण्याची शाश्वती नसते.

ऊर्जा : तळांवरील वीज आजही मुख्यतः डिझेलवर. दूरच्या तळाला इंधन टँकरच्या ताफ्याने जाते आणि ताफ्याला संरक्षण लागते, म्हणून सौरऊर्जेचा प्रश्न तेथे जिवाच्या सुरक्षिततेशीही जोडलेला आहे. संयुक्त राष्ट्र सचिवालयाच्या कृतियोजनेत २०३० पर्यंत उत्सर्जन २०१० च्या तुलनेत ४५ टक्क्यांनी घटवणे आणि ८० टक्के वीज अक्षय स्रोतांतून घेणे ही उद्दिष्टे आहेत.

इतर परिणाम : सुदानच्या पश्चिमेकडील दारफूरमध्ये मदतसंस्था व मोहिमा यांच्या बांधकामांमुळे विटांची मागणी वाढली आणि भट्ट्यांसाठी मोठी झाडे तोडली गेली. कोसोव्होत विस्थापित रोमा कुटुंबांना मित्रोवित्सा येथील शिशाच्या खाण-उद्योगाने दूषित जागेवर वर्षानुवर्षे ठेवले गेले. मानवाधिकार सल्लागार मंडळाने २०१६ मध्ये याबाबत संयुक्त राष्ट्रसंघाच्या कोसोव्होतील मोहिमेला दोषी धरले.

भारताची भूमिका : आतापर्यंत २,९०,००० हून अधिक भारतीयांनी या मोहिमांत सेवा केली आहे. १९९३–९४ मध्ये सोमालियात गेलेल्या भारतीय ब्रिगेडमध्ये महार रेजिमेंटची पलटण होती. त्या ब्रिगेडने तेथे विहिरी खणल्या आणि जनावरांवर उपचार केले. दक्षिण सुदानातही भारतीय तुकडीबरोबर पशुवैद्यक असतात. गुरे हेच जेथे धन, तेथे हे काम ‘व्यापक परिणाम’ या अंगात मोडते, जरी तसे नाव त्याला क्वचितच दिले जाते. हवामानबदल हा सुरक्षा परिषदेचा विषय करण्यास मात्र भारताचा विरोध आहे. १३ डिसेंबर २०२१ रोजी अशा मसुद्याला बारा देशांनी पाठिंबा दिला. रशियाच्या नकाराधिकाराने तो फेटाळला गेला, भारतानेही विरोधात मत दिले आणि चीन तटस्थ राहिला. हा विरोध व्यासपीठाला होता. तळांवरील सांडपाणी वा ऊर्जा सुधारण्याशी त्याची गल्लत करू नये.

तळ सोडणे : नियमानुसार जागा परत करण्यापूर्वी तेल सांडलेली माती काढणे, टाक्या रिकाम्या करून बुजवणे, कचऱ्याचा निपटारा करणे आणि तपासणीनंतर दाखला घेणे आवश्यक असते. मालीतील मोहीम ३० जून २०२३ च्या ठरावाने संपली आणि वर्षअखेर तिला बाहेर पडावे लागले. उत्तरेकडील काही तळ लढाई सुरू असताना ठरल्यापेक्षा लवकर रिकामे करावे लागले. अशा घाईत ही कामे नियमाप्रमाणे होणे शक्य नसते.

नागपूर व या विषयातील ज्ञान : येथे १९५८ मध्ये केंद्रीय सार्वजनिक आरोग्य अभियांत्रिकी संशोधन संस्था स्थापन झाली, १९७४ पासून ती राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्था, म्हणजे नीरी, या नावाने ओळखली जाते. ‘सार्वजनिक आरोग्य’ जाऊन ‘पर्यावरण’ आले, पण पाणी व मैला हा कामाचा गाभा राहिला. वर सांगितलेल्या उगमाच्या वादात हे नामांतर लक्षात घेण्याजोगे आहे. नीरीची फायटोरिड ही पद्धत मैलापाणी खडी-गोट्यांच्या थरातून, पृष्ठभागाखालून, कर्दळ व पाणकणीस यांसारख्या वनस्पतींच्या मुळांशी वाहू देते. उतार मिळाल्यास तिला वीज जवळजवळ लागत नाही आणि कुशल चालकही लागत नाही. बुडाशी बंदिस्त केलेल्या कुंडात ती बांधता येत असल्याने खालची माती काळी आहे की मुरमाड, याने तिच्या कामात फरक पडत नाही. जागा अधिक लागते आणि रोपे रुजेपर्यंत काही आठवडे थांबावे लागते, या तिच्या मर्यादा. त्यामुळे घाईने उभारलेल्या तळाला ती लगेच उपयोगी पडणार नाही, पण वर्षानुवर्षे टिकणाऱ्या तळाला पडेल. कामठी येथे ब्रिगेड ऑफ द गार्ड्सचे प्रशिक्षण केंद्र आहे. शांतिसेनेत जाणाऱ्या भारतीय सैनिकांसाठीचे केंद्र २००० पासून नवी दिल्लीत चालते.