दोउगोंग: भार पेलणाऱ्या तरफेपासून मापाच्या एककापर्यंत

चिनी राजप्रासादांच्या वळचणीखाली दिसणारी दोउगोंग ही लाकडी रचना दोन मुख्य भागांची असते: दोउ म्हणजे खाचा पाडलेला ठोकळा आणि गोंग म्हणजे त्या खाचेत बसणारा बाहू. ठोकळ्यावर बाहू, बाहूवर ठोकळे असे थर चढवत छपराचा भार बाहेरून खांबाच्या डोक्यावर आणायचा. तिसरा भाग आंग, म्हणजे रचनेतून तिरपा जाणारा दांडा, आणि खरा इतिहास त्याचाच.

वुथाय पर्वतावरच्या फोग्वांग मंदिराचा पूर्व सभामंडप (इ.स. 857) पाहा. गोंगचा छेद सुमारे 30 बाय 20 सेंटिमीटर, आणि रचनेची उंची खांबाच्या जवळपास निम्मी! आंग इथे तिरपी तरफ आहे. बाहेरचे टोक वळचण पेलते, आतले शेपूट छपराच्या वजनाखाली दाबलेले राहते. म्हणून वळचण सुमारे 4 मीटर बाहेर येऊ शकते.

सोंग काळात ली जिये यांनी संकलित केलेल्या ‘यिंगत्साओ फाशी’ या बांधकाम-नियमांच्या ग्रंथाने (1103) या रचनेला हिशेब दिला. गोंगचा छेद हेच माप: उंचीचे 15 समान भाग, म्हणजे 15 फन, आणि रुंदी तशाच 10 फन. इमारतीच्या दर्जानुसार त्याच्या आठ श्रेणी. पहिली 9 बाय 6 त्सुन (चिनी इंच), आठवी 4.5 बाय 3.

मिंग-छिंग काळात तुळईचे टोकच खांबापलीकडे काढून वळचणीच्या आडव्या दांड्याखाली नेले. खांबावरच्या आंगला काम उरले नाही. आडव्या लाकडाला कोरलेली चोच तेवढी राहिली. 1734 च्या छिंग बांधकाम नियमावलीत माप दोउखोउ, म्हणजे ठोकळ्याच्या खाचेची रुंदी, झाले. खांबाचा व्यास 6 दोउखोउ, दोन रचनांमधले अंतर 11. फोग्वांगला दर खणात, म्हणजे दोन खांबांमधल्या जागेत, मध्ये एकच रचना होती; बीजिंगच्या थायहे सभागृहात मधल्या खणात 8 आहेत, आणि त्यांचा दोउखोउ जेमतेम 9 सेंटिमीटर.

सर्वांत आधी दगा देतो तो खांबावरचा मोठा ठोकळा. भार तंतूंना आडवा पडल्याने तो चेपतो, खाचेचे कान फुटतात, ठोकळा कलला की वळचणही झुकते.

इमारतीचा काळ ठरवताना मात्र चोचीवर विसंबू नये. जिनत्स या मंदिरसंकुलातल्या, 11व्या शतकातल्या पवित्र मातेच्या मंदिरातही खोटे, म्हणजे नुसती चोच कोरलेले, आंग सापडतात. आत जाऊन शेपूट तिरपे वर चढते का, ते पाहावे.