आहारशिक्षण, व्यायाम-प्रशिक्षकांचे (बेळगाव सीमाभाग)

जिम, तालीम किंवा योगवर्ग चालवणाऱ्यांना अन्नघटक, व्यायामाप्रमाणे बदलणारी गरज आणि सल्ल्याची मर्यादा यांविषयी दिले जाणारे शिक्षण. बेळगाव, खानापूर, निपाणी भागातील मराठी समाजात हे काम पूर्वी वस्ताद करीत. दूध, तूप आणि बदाम-खसखस-बडीशेप घोटून केलेली थंडाई हा पैलवानाचा खुराक. तो तासन्‌तास मातीत घाम गाळणाऱ्यासाठी ठरलेला होता. दिवसभर गल्ल्यावर बसून संध्याकाळी पाऊण तास जिमला येणाऱ्याने तोच घेतला, तर पोट सुटते. म्हणून गरज मोजता येणे हा या शिक्षणाचा पाया.

भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषद व हैदराबादची राष्ट्रीय पोषण संस्था यांच्या 2020 च्या शिफारशीनुसार प्रौढाला वजनाच्या दर किलोमागे रोज 0.83 ग्रॅम प्रथिने पुरतात. नियमित कसून व्यायाम करणाऱ्यांसाठी क्रीडापोषणात 1.4 ते 2 ग्रॅम हे प्रमाण धरतात. म्हणजे 60 किलोच्या कसरत करणाऱ्या पोराला किमान 84 ग्रॅम. हा आकडा ऐकला की प्रथिनांच्या पावडरीचा डबा विकत आणायचा विचार मनात येतो; पण आधी घरचे ताट मोजावे. एका भाकरीला 60 ग्रॅम पीठ धरले, तर जोंधळ्याच्या चार भाकरींतून सुमारे 24 ग्रॅम, 50 ग्रॅम कोरड्या मसुराच्या उसळीतून 11, अर्धा लिटर दुधातून 16, दोन अंड्यांतून 12, मूठभर शेंगदाण्यांतून 7 आणि 50 ग्रॅम कोरड्या हरभऱ्यांतून 9 ग्रॅम मिळतात. बेरीज 79. उरलेले वाटीभर दह्यात भागते. ही बेरीज ताटासमोर बसून करता येणे, हीच प्रशिक्षकाची खरी परीक्षा. याच संस्थांच्या 2024 च्या मार्गदर्शक सूचनांतही शरीर कमावण्यासाठी प्रथिनांची पावडर टाळावी असेच म्हटले आहे.

मर्यादा शिकवणे तितकेच गरजेचे. इन्सुलिन घेणाऱ्याची साखर व्यायामाने एकदम खाली येऊ शकते. मूत्रपिंड दुबळे असलेल्याला जादा प्रथिने बाधतात. अशांचा आहार प्रशिक्षकाने ठरवू नये, डॉक्टर वा आहारतज्ज्ञाकडे पाठवावे. आहारतज्ज्ञ व पोषणतज्ज्ञ (यांत क्रीडापोषणतज्ज्ञही आले) हे व्यवसाय म्हणून 2021 च्या संलग्न व आरोग्यसेवा व्यवसायांविषयीच्या केंद्रीय कायद्यात नोंदलेले आहेत. जत्रेच्या कुस्तीआधी वजन उतरवायला पाणी तोडण्याची सवयही इथेच थांबवायला हवी. त्याने चरबी जात नाही, ताकद जाते आणि जिवावरही बेतू शकते.

अडचण भाषेचीही आहे. पुस्तके बहुतेक इंग्रजीत, सरकारी पत्रके कन्नडमध्ये, आणि समोरची बाई विचारते ती मराठीत: ‘भाकरी किती खाऊ?’ तिला कॅलरीचा आकडा सांगून भागत नाही. मागच्या चोवीस तासांत काय खाल्ले हे विचारण्याची रीत प्रशिक्षणात शिकवतात. ती आपल्या बोलीत नीट वापरावी. ‘जेवलात काय?’ विचारले तर दोन जेवणे सांगितली जातात. ‘सकाळी उठल्यापासून काय काय तोंडात टाकलं?’ विचारले की चार चहांतली साखर, पाहुण्यांसोबत खाल्लेला कुंदा (बेळगावची दुधाची मिठाई) आणि मुलांच्या ताटात उरलेला, टाकवला नाही म्हणून खाल्लेला भातही निघतो.