चाकोरी नक्की कुठून गेली? सिएरा नेवाडाच्या गाडीवाटांची पार्श्वभूमी

कॅलिफोर्नियाच्या वेशीवरचा सिएरा नेवाडा पर्वत पूर्वेकडून आलेल्या स्थलांतरितांच्या बैलगाड्यांनी पहिल्यांदा ओलांडला तो 1844 च्या नोव्हेंबरअखेर. त्याआधी दोन तांड्यांनी हात टेकले होते. 1841 च्या बिडवेल-बार्टलसन तांड्याने आजच्या नेवाडा राज्यातच गाड्या टाकल्या. 1843 मध्ये वाटाड्या जोसेफ वॉकरच्या मागून निघालेल्यांनी ओवेन्स तलावाजवळ. 1844 च्या स्टीफन्स-टाउनसेंड-मर्फी तांड्याने अकरापैकी सहा गाड्या खिंडीखालच्या तलावापाशी सोडल्या आणि पाच वर चढवल्या. माथ्याच्या अलीकडे सुमारे 10 फुटांचा उभा कातळ आडवा आला. शोधाशोध केल्यावर त्यात एक फट सापडली, एका वेळी एकच बैल जाईल एवढी. जू काढून बैल एकेक करून वर नेले, तिथे पुन्हा जुंपले आणि साखळ्या खाली सोडल्या. मग वरून बैलांनी ओढायचे, खालून माणसांनी रेटायचे.

हा तपशील मोझेस शॅलेनबर्गरच्या आठवणींतला. तो तेव्हा जेमतेम अठराचा होता आणि आठवणी छापल्या गेल्या 1888 मध्ये, म्हणजे 44 वर्षांनी. त्यामुळे फट होती हे मान्य केले तरी ‘हीच ती फट’ असे बोट ठेवून सांगणे अवघड. त्यातून या खिंडीवरून 1864 मध्ये टोलचा गाडीरस्ता गेला, 1868 मध्ये रेल्वे आली आणि पुढे मोटारींचा लिंकन हायवेही इथूनच गेला. जुनी वाट यांच्याखाली गाडली गेली.

नावावर तर मुळीच विसंबू नये. आज ही डोनर खिंड म्हणून ओळखली जाते, पण 1846 चा डोनर तांडा हिमवर्षावामुळे खिंडीच्या पूर्वेलाच अडकला होता. त्याच वर्षी सप्टेंबरात, त्यांच्याआधी पुढे गेलेल्यांनी ही खिंड टाळून दक्षिणेला, सुमारे 7,900 फुटांवरची उंच खिंड धरली होती. तिथे माथ्यावर ओंडक्याचा रूळ बसवून त्यावरून साखळ्या घेतल्या आणि वरच्या बाजूला 12 जोड्या जुंपून गाड्या ओढल्या. म्हणून ती रोलर पास. उंची जास्त, चढही जास्त, पण मोठाले धोंडे नाहीत. बैलगाडीला चढापेक्षा धोंडा जड जातो, हे ध्यानात घेतले की अशा निवडी उलगडतात.

आणखी दक्षिणेच्या कार्सन खिंडीचे पुरावे मात्र भक्कम आहेत. वाटाड्या किट कार्सन हा संशोधक जॉन फ्रीमाँटच्या तुकडीबरोबर 1844 च्या फेब्रुवारीत या भागातून गेला, पण गाड्यांविना. गाडीरस्ता काढला तो मॉर्मन बटालियनमधून, म्हणजे मॉर्मन पंथीयांच्या लष्करी तुकडीतून, सुटलेल्या माणसांनी, 1848 च्या जुलैत, 17 गाड्यांसह आणि पश्चिमेकडून पूर्वेकडे. त्यांच्यातला हेन्री बिगलर रोजनिशी लिहीत असे. कॅलिफोर्नियात कोलोमाला सोने सापडल्याची 24 जानेवारी 1848 ही तारीख पक्की झाली तीही त्याच्याच नोंदीवरून. वाट शोधायला पुढे गेलेल्या तिघांचे मृतदेह ज्या झऱ्याजवळ सापडले, तो ट्रॅजेडी स्प्रिंग. पूर्वेकडच्या घळीत धोंडे हलेनात, तेव्हा त्यांच्यावर आग पेटवून ते तडकवले आणि कुदळीने फोडले. पुढच्याच वर्षी सोन्यामागे धावलेली गर्दी याच वाटेने उलट दिशेने आली. त्यामुळे रेड लेक या तळ्यावरची ‘डेव्हिल्स लॅडर’ ही 1848 च्या रोजनिशांत उतरण आहे आणि 1849 च्या रोजनिशांत चढण. दिशा न पाहता वर्णने जुळवली की सगळा गोंधळ होतो.

जमीन वाचताना पहिला नियम असा: गाडी आडव्या उतारावर उलटते. म्हणून जुनी वाट सोंडेवरून किंवा सरळ उतारानेच जाते. डोंगराच्या कुशीत कापलेली सपाट पट्टी दिसली की तो बहुधा नंतरचा रस्ता. कातळावर चाकाच्या लोखंडी धावेने घासलेल्या खुणा आणि गंजाचे पट्टे राहतात, पण खडकातल्या लोहामुळेही तसाच डाग पडतो. नैसर्गिक डाग पाण्याबरोबर भेगांतून ओघळतो. धावेचा डाग प्रवासाच्या दिशेने, धोंड्याच्या उंचवट्यांवर सापडतो, आणि साधारण पाच फुटांवर त्याचा जोडीदार असायला हवा. एकच पट्टा दिसला तर घाई करू नये. मातीतली खोलगट चाकोरी ओंडके ओढल्यानेही पडते. अशा अनेक चाकोऱ्या एका मोकळ्या जागी येऊन मिळत असतील तर ते लाकूडतोड्यांचे काम.

सरकारी मोजणीचे नकाशे उपयोगी खरे, पण ते कसे तयार झाले हे माहीत हवे. मोजणीदार 66 फुटी साखळी घेऊन मैला-मैलावरच्या सेक्शन रेषांवरून, म्हणजे जमिनीचे चौरस मैलांचे तुकडे पाडणाऱ्या रेषांवरून, चाले, 80 साखळ्यांचा एक मैल. (आपला गुंठा म्हणजे 33 फुटांचा चौरस, याच साखळीच्या निम्म्या मापाचा.) रेषेला रस्ता जिथे छेदतो तिथली नोंद अचूक, दोन छेदांमधला रस्ता बऱ्याचदा अंदाजाने काढलेला. म्हणून नकाशाआधी मोजणीदाराची वही उघडावी.

रोजनिशीतल्या मैलांचेही तसेच. 8 मे 1847 रोजी मॉर्मन तांड्यातल्या विल्यम क्लेटनने, अर्थात इकडच्या डोंगरांत नव्हे तर मैदानी मुलखात, दिवसभर चाकाचे फेरे मोजले. चाकाचा परीघ 14 फूट 8 इंच, म्हणजे मैलाला 360 फेरे. भरले 4,070, सव्वा अकरा मैलांहून किंचित जास्त. बरोबरच्यांचा अंदाज होता 13 ते 14 मैलांचा. तेव्हा ‘आज 14 मैल’ हे वाचून नकाशावर पट्टी ठेवू नये. नदी, झरा, खिंड अशा दोन ठाम खुणांमध्ये दिवस बसवावेत.

राहिला मेटल डिटेक्टर. अमेरिकेच्या केंद्र सरकारच्या जमिनीवरून शंभर वर्षांहून जुनी पुरातत्त्वीय वस्तू परवानगीशिवाय काढणे 1979 च्या कायद्याने गुन्हा आहे. बैलाचा नाल किंवा साखळीची कडी दिसली तर जागेवरच फोटो काढावा, शेजारी मोजपट्टी ठेवावी, अक्षांश-रेखांश आणि उताराची दिशा टिपावी. वाटेचा पुरावा ठरते ती त्या कडीची जागा.