आत्म्याचं वजन २१ ग्रॅम? सिद्ध झालेलं नाही

प्राण जाताच शरीर २१ ग्रॅमने हलकं होतं आणि तेच आत्म्याचं वजन, असं विज्ञानाचा हवाला देऊन सांगितलं जातं. हा आकडा अमेरिकी डॉक्टर डंकन मॅकडूगल यांनी १९०७ साली प्रसिद्ध केला. मरणाच्या दारातल्या रुग्णांना त्यांनी खाटेसकट काट्यावर ठेवलं. रुग्ण फक्त सहा. दोघांच्या नोंदी त्यांनीच बाद केल्या आणि २१ ग्रॅमची घट दिसली ती एकाच रुग्णात! बाकीच्यांचे आकडे जुळलेच नाहीत. याला पुरावा म्हणता येत नाही.

हृदय थांबल्यावर खरोखर घडतं ते असं: मेंदूचा प्राणवायू तुटतो, काही सेकंदांत शुद्ध हरपते. पेशी मात्र एकदम मरत नाहीत. म्हणूनच मृत्यूनंतर काही तासांतही नेत्रदान करता येतं.